अर्जुनाच्या मुळाखालचा गळ

मी दोरा कापला आणि कुणाला सांगितलं नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या सीमेवरच्या एका गावात मी या मे महिन्यात राहून आलो. परतल्यावर तिथल्या नाल्याविषयी, जेवणाविषयी, माणसांविषयी लिहायला बसलो. दोन-तीनदा सुरुवात केली. दरवेळी मजकूर बरा उतरला आणि दरवेळी त्यात मी एक हौशी, भला पाहुणा होतो. ते खरं नव्हे. गावानं बंद ठेवलेल्या डोहात मी चोरून गळ टाकला. तो झाडाच्या मुळात अडकला. कुणी पाहील या भीतीनं मी दोरा कापला आणि निघून आलो. दुसऱ्या दिवशी सगळं गाव त्याच डोहात उतरून हातानं मासे धरणार होतं, हे मला माहीत होतं.

एवढं आधी सांगून ठेवतो. आता प्रवासाकडं वळतो.

मी साताऱ्याचा. वीज कार्यालयात हिशेबाच्या टेबलावर बसतो. मासे धरायचा नाद मला तिशीत लागला आणि पन्नाशी उलटली तरी सुटलेला नाही. माझी पद्धत जरा वेगळी आहे. मी गळाला गांडूळ किंवा पीठ लावत नाही. रंगवलेला प्लॅस्टिकचा मासा लावतो. बोटभर लांब, पोटाखाली तीन-तीन काट्यांचे दोन गळ. तो पाण्यातून हिसके देत ओढला की जिवंत वाटतो आणि मरळीसारखा शिकारी मासा त्याच्यावर तुटून पडतो. धरलेला मासा मी बहुतेकदा फोटो काढून सोडून देतो. त्यामुळं मी स्वतःला सभ्य समजत आलो होतो.

धनराज आमच्या कार्यालयात लाइनमन होता. काही वर्षं साताऱ्यात काढून त्याची बदली त्याच्या मुलखात झाली. तो ढिवर समाजातला, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या घरातला. माझी काठी आणि दोरा गुंडाळायची चकचकीत चकरी पाहून तो नेहमी हसायचा. "भाऊ, आमच्याकडे या एकदा. उन्हाळ्यात नाला तुटते, पाण्याचे डबके राह्यतात, मासोळ्या बसून राह्यतात," असं तो म्हणायचा. या वर्षी गेलो.

सावली

बल्लारपूरला गाडीतून उतरलो तेव्हा सकाळ होती, पण प्लॅटफॉर्मची फरशी तव्यासारखी झाली होती. धनराज मोटारसायकल घेऊन आला होता. माझ्या पाठीला काठ्यांची लांब काळी नळी होती. वाटेत सावली गावात एका टपरीवर आम्ही लिंबू-सरबत प्यायला थांबलो. बाकावर बसलेल्या एका माणसानं नळीकडं बराच वेळ पाहिलं आणि मग धनराजला हळूच विचारलं, "बंदूक हाये का जी?"

"नाई जी. मासोळीची गरी हाये." गळाला तिकडं गरी म्हणतात.

"येवढ्या मोठ्या डब्ब्यात? मासोळी धरून राह्यले का मगर?"

टपरी हसली. मीही हसलो. पण त्या माणसानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो हसत नव्हता, हे माझ्या लक्षात आलं होतं.

पुढं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, लागली. साताऱ्याकडं उन्हाळ्यात शेत नांगरून काळं पडलेलं असतं. इथं कापलेल्या धानाची खुंटं पांढरी होऊन उभी होती आणि प्रत्येक बांधावर मोहाचं किंवा पळसाचं झाड राखलेलं. जंगल सुरू झालं तशी बायका तेंदूपत्त्याची ओझी डोक्यावर घेऊन येताना दिसल्या. त्या दाटीनं चालत होत्या आणि मोठमोठ्यानं बोलत होत्या. भांडतायत का, असं मी विचारलं. धनराज म्हणाला, वाघाला ऐकू जावं म्हणून बोलतात. मागच्या आठवड्यात शेजारच्या गावाकडं वाघ दिसला होता. "तुमी एकटे कुठी जाजो नोको," एवढं तो म्हणाला आणि पुन्हा गाडी चालवण्यात गुंतला.

पहिला हात

धनराजचं घर कौलारू, अंगण शेणानं सारवलेलं. त्याची आई भागरथाबाई बारीक, काळीसावळी, गुडघ्यांनी वाकलेली, आणि हात मात्र तिच्या देहाला न शोभणारे: रुंद पंजे, जाड बोटं. मी पाया पडलो तर तिनं तो पंजा माझ्या डोक्यावर ठेवला. तो लाकडासारखा जड लागला.

संध्याकाळी अंगणात खाटा टाकल्या. धनराजची बायको रेखा हिनं जेवायला भात, चण्याची भाजी आणि जवसाची चटणी केली होती. मासे नव्हते. ढिवराच्या घरी मासे नाहीत याचं मला नवल वाटलं, आणि त्यावरूनच डोहाची गोष्ट निघाली. ती सांगायला वारलूभाऊ आले होते. हे गावातले जाणते. डोहाचा नेम पाळला जातो की नाही, हे पाहणं त्यांच्याकडं असतं.

गावाच्या वर नाल्यात एक खोल डोह आहे. काठावर अर्जुनाचं मोठं झाड, त्याची मुळं पाण्यात पसरलेली. होळीनंतर नाला आटायला लागला की गाव तो डोह बंद करतं. गरी नाही, जाळं नाही, हातही नाही. खालच्या डबक्यांत कुणीही मासे धरावेत. पण उन्हाळ्याचे शेवटचे दिवस आले की घरी मासे खायचे नाहीत, डोहाची वाट पाहायची, असं जुनी माणसं मानतात. मग पावसाच्या आधी एक दिवस ठरतो. त्या दिवशी सगळं गाव डोहात उतरतं आणि जे मिळेल त्याचे घरागणिक सारखे वाटे होतात. म्हातारं, आजारी, ज्याच्या घरचं कुणी उतरलं नाही, सगळ्यांना. आदल्या रात्री गावात झोपलेल्या पाहुण्यालासुद्धा वाटा असतो.

पाण्यात पहिली उतरते ती भागरथाबाई. अर्जुनाच्या मुळाखालच्या कपारीत हात घालून ती पहिली मासोळी काढते, तोवर कुणी पाणी ढवळत नाही. याला ते "पहिला हात" म्हणतात. तो धनराजच्या घराचा मान. तिच्या सासूकडून तिला आलेला.

"आन्‌ जो घर नेम मोडन," वारलूभाऊ माझ्याकडं न पाहता म्हणाले, "त्याले त्या साली वाटा नाई. आन्‌ मान असन तर तोही जाते."

डोह उघडायला एक दिवस मधे होता. त्यांनी माझ्या नळीकडं पाहिलं. धनराज चटकन म्हणाला, "पाहुणा डोहाले हात नाई लावत. माह्या जबानीवर."

त्यानं मला विचारलंही नव्हतं. विचारायची गरजच त्याला वाटली नव्हती.

नाला

सकाळी आम्ही दोघं खालच्या बाजूला गेलो. नाला म्हणजे रेती, गोटे आणि मधूनमधून पाण्याची डबकी. काही कमरेएवढी, काही नुसती ओल. काठांवर बांबूची बेटं आणि जांभळाची झाडं. पाणी चहासारखं तांबूस पण स्वच्छ. आमच्या कृष्णेला या दिवसांतही माणसांची गर्दी असते, धुणी, म्हशी, मंदिराची घंटा. इथं फक्त पानं गळायचा आवाज. एका तेंदूच्या झाडाखाली धनराजनं मला पिकलेली टेंबरं वेचून दिली. चिकूसारखी गोड, मागं तुरट चव ठेवणारी.

मी टाकत राहिलो. चार-पाच डबकी पालथी घातली. प्लॅस्टिकचा मासा सुंदर पोहत होता आणि त्याच्याकडं कुणी ढुंकून पाहत नव्हतं. एवढ्या लांबून आलेला, एवढं सामान आणलेला माणूस रिकामा बसलेला पाहून धनराजलाच वाईट वाटू लागलं. "ऊन चढलं ना जी, म्हणून," तो म्हणाला. तेवढ्यात त्याला फोन आला. कुठंतरी तार तुटली होती. मला गावापर्यंत सोडून तो जाणार होता. मी म्हणालो, गाव तर इथून दिसतंय, मी येतो हळूहळू. त्यानं क्षणभर विचार केला. "सीधे घरी जाजा," म्हणाला आणि गेला.

मी सरळ घरी गेलो नाही.

नुसता पाहून येऊ, असं मी स्वतःला म्हणालो. नळी पाठीलाच होती. गावाला वळसा घालून मी वर गेलो. डोह अचानक समोर आला: हिरवा-काळा, स्थिर, अर्जुनाच्या सावलीत अर्धा झाकलेला. मी काठावर उकिडवा बसलो. थोड्या वेळानं मुळांजवळ पाण्याच्या वरच्या थरात एक तांबडा डाग हलताना दिसला. हातभर रुंद. जवळून पाहिलं तर ती पिलं होती, मरळीची शेकडो पिलं, एकमेकांना चिकटून फिरणारी. त्यांच्याखाली एक लांब, जाड सावली होती.

मासे धरणाऱ्यांना हे माहीत असतं, म्हणून इथं लपवत नाही. पिलं राखणारी मरळ भुकेनं गळ घेत नाही. पण पिलांच्या मधोमध काही पडलं तर ती त्याच्यावर धावून जातेच. अशा वेळी हमखास मासा मिळतो. माझ्या ओळखीतले चांगले लोक असं करत नाहीत. मीही केलं नव्हतं, कारण तशी वेळ आली नव्हती.

मी काठी जोडली. आजूबाजूला पाहिलं. टाकला तो बरोबर तांबड्या डागाच्या मधे.

पाणी फुटलं. काठी वाकली, चकरी ओरडली, आणि ती सरळ मुळांखाली गेली. मग एक हिसका, आणि ओढ संपली. मासा सुटला होता. गळ मात्र मुळात बसला होता. मी इकडून तिकडून ओढून पाहिलं. विणलेला दोरा होता, माणसाच्या वजनालाही तुटत नाही. पिलं कुठंच दिसत नव्हती.

पाण्यात उतरून काढता आला असता. पाणी छातीएवढंच होतं. पण त्याच वेळी गावाच्या बाजूनं बायकांचं बोलणं ऐकू आलं. त्या पाण्याला येत असतील, लाकडाला येत असतील, कुठं येत होत्या मला माहीत नाही. मी खिशातली छोटी कात्री काढली, दोरा पाण्यालगत कापला, काठीचे दोन भाग वेगळे केले आणि बांबूच्या आडून निघालो. अंगातून घाम निथळत होता. गावाजवळ आलो तेव्हा मी चालण्याचा वेग कमी केला आणि चेहरा नीट केला, हे मला अजून आठवतं.

दुपार

भागरथाबाईनं अंबाडीचं सरबत दिलं. "भेटली का मासोळी, बापू?"

"नाही, आई."

"तुह्या गरीले डोळा नाई," ती म्हणाली. मग तिनं आपला उजवा पंजा उघडून माझ्यापुढं धरला आणि बोटं हळूहळू मिटून दाखवली, कपारीत हात कसा सरकवायचा ते. घाई करायची नाही. मासोळी आपणच तळहातावर येऊन टेकते. तिला कळू द्यायचं नाही की ही बोटं आहेत. तिची बोटं मिटत होती आणि मी त्यांच्याकडं पाहू शकत नव्हतो.

अर्जुनाच्या मुळाखालची कपार. पहिला हात. मी तिथंच गळ सोडून आलो होतो, याचा खरा अर्थ मला तेव्हा कळला. मला वाटलं होतं, डोह मोठा आहे.

ती आतल्या खोलीत लवंडली तसा मी उठलो. रेखावहिनी शेजारी गेल्या होत्या. भर उन्हात मी पुन्हा डोहाकडं निघालो, या वेळी काठी न घेता, फक्त पक्कड खिशात. डोह शंभरेक पावलांवर असेल, तेव्हा वरच्या झाडांतून एक वानर खोकल्यासारखं ओरडलं. मग दुसरं. मग कळपच. वाघ दिसला की वानरं असं ओरडतात, हे आदल्या संध्याकाळीच वारलूभाऊंनी सांगितलं होतं. मी उभा राहिलो. समोर डोह दिसत होता, अर्जुनाचा पांढुरका बुंधा दिसत होता, त्याच्यापलीकडं बांबू गच्च होता आणि त्यात काहीतरी होतं किंवा नव्हतं. वानरं ओरडत राहिली. माझे पाय मागं पडू लागले. मग मी वळलो आणि पळालो. पन्नाशीचा माणूस, खिशात पक्कड हातानं दाबून धरून पळणारा.

वाघ होता की नाही, मला आजही माहीत नाही.

मग उरला होता तो एकच उपाय, सांगण्याचा. संध्याकाळी धनराज कामावरून आला आणि बांबूची टोपली दुरुस्त करायला बसला. मी त्याच्यासमोर बसलो. वाक्य तयार होतं. त्यानं बांबूची पट्टी दातात धरली होती. ती काढून तो म्हणाला, "मायचे गुडघे गेले जी. पुढच्या साली रेखाले पहिला हात देतो म्हणते. औंदा शेवटचा." आणि तो हसला, इतका मोकळा, की मी म्हणालो, "छान." आणि उठलो.

माझ्या तोंडातून सत्य निघालं की त्याच्या आईचा मान जाणार, म्हणून मी गप्प आहे, असं मी स्वतःला समजावलं. ते सोयीचं होतं. खरं म्हणजे मला त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू उतरताना पाहायचं नव्हतं.

डोह

सकाळी सगळं गाव निघालं. टोपल्या, हातजाळी, पोरं, कुत्री. बायकांनी लुगड्यांचे कासोटे घट्ट मारले होते. आमच्याकडं मासे धरणं हे पुरुषांचं एकट्यानं, गप्प बसून करायचं काम. इथं ती जत्रा होती. एकमेकींची थट्टा चालू होती. एका जाड्या माणसाला बायका सांगत होत्या, तू उतरू नको, पाणी गावात शिरेल.

मी भागरथाबाईच्या मागोमाग चालत होतो. तिच्या अनवाणी टाचा पाहत होतो. काठावर पोचलो तेव्हा वारलूभाऊंनी हळद आणि तांदूळ पाण्यात टाकले. सगळे गप्प झाले. ती उतरायला निघाली.

तेव्हा मी बोललो. मोठ्यानं म्हणालो, "आई, त्या मुळात साप आहे. मी आत्ता पाहिला."

मला वाटलं होतं, ती थांबेल. लोक दुसरीकडून सुरू करतील. नेमही राहील, हातही वाचेल आणि मीही वाचेन. पण आधी दोन-चार जण हसले. पाण्यातल्या सापाला कोण भितं. आणि भागरथाबाई गुडघाभर पाण्यात वळून, मला धीर द्यावा तशी म्हणाली, "साप बसला असन त मासोळी बी तिथीच असन, बापू. भेव नोको करू."

आणि ती सरळ मुळांकडं गेली. माझ्या खोटं बोलण्यानं तिला जागा अधिकच पक्की झाली.

पाणी तिच्या छातीपर्यंत आलं. तिनं मान बाजूला वळवली, गाल पाण्याला टेकवला, आणि उजवा हात कपारीत घातला. सगळं गाव पाहत होतं. मीही. त्या क्षणीही मी ओरडू शकलो असतो. तिचे डोळे मिटलेले होते. मग ते उघडले.

ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "धनराज, माहा हात धरला कोणंतरी."

तो उडी मारून तिच्यापाशी गेला. गळ तिच्या मधल्या बोटात आणि तळहातात असा दोन ठिकाणी शिरला होता, आणि दुसऱ्या टोकाचा गळ मुळात होता. ती हात वर काढू शकत नव्हती. ओढला की आत जात होता. तिचे गुडघे त्या चिखलात किती वेळ उभे राहतील, याची कुणालाच खात्री नव्हती. आणि ती घसरली तर हात तिथंच राहणार होता. धनराजनं तिला काखेतून धरलं. कुणी कोयता मागितला, मूळ तोडू म्हणून. मूळ मांडीएवढं होतं.

मी पाण्यात होतो. कधी उतरलो, आठवत नाही. खिशात कालची पक्कड तशीच होती. मी डोकं पाण्याखाली घातलं, तिच्या मनगटावरून बोटं सरकवत त्या प्लॅस्टिकच्या माशापर्यंत गेलो आणि मुळात रुतलेला गळ ज्या कडीनं माशाला जोडलेला होता, ती चाचपत तोडली. दोनदा पक्कड सटकली. तिसऱ्यांदा कट्‌ झालं. हात मोकळा झाला. आम्ही तिला काठावर आणलं तेव्हा तिच्या तळव्यातून माझा रंगवलेला मासा लोंबत होता, निळ्या पाठीचा, लाल डोळ्यांचा. गावातलं प्रत्येक माणूस त्याच्याकडं पाहत होतं.

गळाला उलटा काटा असतो, तो मागं येत नाही. टोक पुढं ढकलून कातडीबाहेर काढावं लागतं, मग तोडावं लागतं. ते मला येत होतं, म्हणून ते मलाच करावं लागलं. दोन्ही ठिकाणी. तिनं ओठ आत घेतले होते. मी दुसरं टोक तोडत असताना ती माझ्या कानाशी, फक्त मला ऐकू येईल असं बोलली.

"तुले माहीत होता का हे तिथी?"

"नाही, आई," मी म्हणालो.

वाटे

तिला धनराज आरोग्य केंद्रात घेऊन गेला. वारलूभाऊंनी मला विचारलं. मी सांगितलं की खालच्या डबक्यात माझा गळ एका मोठ्या माशानं तोडून नेला होता. तोच मासा वर डोहात आला असावा. मघाचा तो जाडा माणूस म्हणाला, "पायानं चालत आला का जी?" दुसरा म्हणाला, "मरळ चालते ना. पण पाऊस असला त. मे महिन्यात नाई चालत." या वेळी कुणी हसलं नाही. डबकी आणि डोह यांच्यामधे कोरडे गोटे पसरलेले होते, ते सगळ्यांना दिसत होते.

वारलूभाऊंनी मला पुढं काही विचारलं नाही. त्यांनी लोकांना हात हलवून पाण्यात उतरायला सांगितलं. मुळांच्या बाजूला कुणी गेलं नाही. पाणी ढवळलं, टोपल्या भरल्या, पण कालवा झाला नाही. मी काठावर ओल्या कपड्यांनी बसलो. माझ्या बाजूला कुणी बसलं नाही आणि मला कुणी उठही म्हटलं नाही.

उन्हं कलल्यावर मोहाच्या झाडाखाली पळसाची पानं मांडली. एक पान एका घराचं. वारलूभाऊ मासे वाटत होते, मोठे-लहान मिसळून, नजरेनं तोलून. तोवर भागरथाबाई परतली होती. हाताला मनगटापर्यंत पांढरी पट्टी. घरी थांब म्हटलं तर तिनं ऐकलं नव्हतं. ती झाडाच्या बुंध्याला टेकून बसली आणि तो हात तिनं मांडीवर उताणा ठेवला, परक्याचं काही सांभाळायला दिल्यासारखा.

धनराजला वारलूभाऊ एवढंच म्हणाले, "जबानी तुही होती."

धनराज माझ्याकडं पाहत नव्हता. "हाव," तो म्हणाला. "मीच नेलं त्याले डोहावर. काल सकाळी. पाहुणा रिकामा जाइन म्हणून. माही चूक हाये."

तो काल तुटलेली तार जोडायला खांबावर चढला होता, हे निदान दहा माणसांना माहीत असेल. रेखावहिनींनी पदर तोंडावर घेतला. वारलूभाऊ म्हणाले की नेम हा नेम आहे: धनराजच्या घराला औंदा वाटा नाही, आणि पहिला हात पुढच्या वर्षापासून दुसऱ्या घराकडं जाईल. भागरथाबाईनं मान हलवली. ऐकल्याची फक्त खूण.

वाटे होत राहिले. एक घर वगळून पुढचं पान. शेवटी एक पान उरलं. वारलूभाऊंनी त्यावर एक मोठी मरळ ठेवली, वर दोन लहान मासे ठेवले, आणि ते उचलून माझ्यापुढं आणून ठेवलं. रात्री गावात झोपलेल्या पाहुण्याचा वाटा. त्यांनी ते रागानं केलं नाही, टोमणा म्हणूनही नाही. नेम होता, म्हणून केलं.

मरळीचे कल्ले अजून हलत होते. माझ्या शेजारी धनराज रिकामा बसला होता. पलीकडं त्याची आई.

मी उठून उभा राहिलो. काय बोलायचं ते काल संध्याकाळपासून तयार होतं. वारलूभाऊंना मी सांगितलं की धनराज खोटं बोलतोय, मला सांभाळण्यासाठी. तो कामावर गेल्यावर मी एकटा आलो, पिलांवर गळ टाकला, अडकला तेव्हा दोरा कापला. दुपारी काढायला आलो आणि भिऊन पळालो. त्याच्या घराचा यात काही दोष नाही. हे सगळं मी पायाखालच्या जमिनीकडं पाहून बोललो.

मग मी ते पान दोन्ही हातांनी उचललं, भागरथाबाईपुढं ठेवलं आणि तिच्यासमोर बसलो. तिचा पट्टीतला हात माझ्या डोळ्यांच्या रेषेत होता. ती माझ्याकडं पाहत होती, सकाळी पाण्याकाठी पाहिलं होतं तशीच, तोच प्रश्न अजून विचारत असल्यासारखी.

"आई, सकाळी तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हणालो," मी म्हणालो. "मला माहीत होतं. साप नव्हता. तुम्ही हात घातलात तेव्हा मी पाहत होतो, आणि मला माहीत होतं. माझं चुकलं, आई. मला माफ करा."